काचेला हात लावल्यावर

दुपारी दीडच्या सुमाराला, उन्हावर खारं पाणी गोडं करणाऱ्या माझ्या पेटीच्या काचेवर तळहात टेकवला आणि लगेच उचलून घेतला. काच एवढी तापली असेल असं वाटलं नव्हतं. आतल्या बाजूने पाणी ओघळत होतं, पन्हळीतून बाटलीत थेंब पडत होते, सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. नात वही घेऊन शेजारी उभी होती. तिला म्हटलं, "लिही, काच गरम." ती म्हणाली, "आबा, किती गरम? आकडा सांगा ना." थर्मामीटर चिकटवला. काच ५४ अंश, आतलं पाणी ६६.

त्या ५४ च्या आकड्याने माझी झोप उडवली. का, ते सांगण्यासाठीच आज लिहितोय.

मी एकतीस वर्षं साखर कारखान्यात इव्हॅपोरेटरवर काढली. उसाच्या रसातलं पाणी उडवायचं आणि घट्ट पाक पुढे पाठवायचा, हेच काम. पाणी तेव्हा नकोसा भाग होता. निवृत्त झालो आणि त्याच पाण्यामागे लागलो, कारण आमच्या बोअरचं पाणी खारं आहे. टीडीएस मीटर, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते सांगणारा, बुडवला की ३४०० च्या आसपास काटा जातो. चवीला ६०० च्या आतलं पाणी चांगलं आणि १००० च्या पुढचं नकोसं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. म्हणजे आम्ही कुठे आहोत ते बघा.

आरओ, म्हणजे दाबाने पाणी बारीक पडद्यातून गाळणारं यंत्र, का नाही, हे पहिल्यांदा सगळेच विचारतात, आणि प्रश्न बरोबर आहे. समुद्राचं पाणीसुद्धा मोठ्या आरओ प्रकल्पात हजार लिटरला साधारण तीन ते चार युनिट विजेत गोडं होतं. तेवढंच पाणी वाफ करून गोडं करायचं तर साडेसहाशे युनिटांच्या आसपास उष्णता लागते. हिशोबाने आरओच जिंकतो आणि मी ते मान्य करतो. जिथे वीज आहे, पडदा बदलून द्यायला माणूस आहे, सुटे भाग मिळतात, तिथे आरओच बसवावा. आमच्याकडेही होता. पाणी जड, त्यामुळे क्षार साचून पडदा दोनदा चोंदला, आणि दुसऱ्या वेळेनंतर दुरुस्तीवाला फिरकलाच नाही. वीज जाते ती वेगळीच. ऊन मात्र रोज येतं आणि त्याला कुणाला बोलवावं लागत नाही.

तर पेटी. एक मीटर बाय एक मीटरचा उथळ ट्रे, त्यात दोन सेंटिमीटर खारं पाणी, वर उतरती काच, काचेच्या खालच्या काठाला पन्हळ. ऊन आत येतं, काळा तळ तापतो, पाण्याची वाफ होते, वाफ काचेला लागून परत पाणी होते, मीठ खालीच राहतं. बस्स, एवढंच यंत्र आहे. हे काही नवीन नाही. चिलीच्या वाळवंटात लास सालिनास इथे १८७२ साली चार्ल्स विल्सन नावाच्या इंजिनिअरने लाकडी चौकटी आणि काचा घेऊन हेच मोठ्या प्रमाणावर उभं केलं होतं. काचेखालचं क्षेत्र चार हजार चौरस मीटरहून जास्त, रोज वीस हजार लिटरहून जास्त पाणी. खाणीवरची माणसं आणि माल वाहणारी खेचरं त्याच्यावर जगत होती. तिथलं कच्चं पाणी समुद्रापेक्षा कितीतरी खारट होतं, आणि ते काम चार दशकांच्या आसपास चाललं. पंप, फिल्टर, विजेचा दिवा यातलं काही नसताना चालवून दाखवलं त्यांनी. हे वाचलं तेव्हा मला फार आधार वाटला.

पण बांधायला बसल्यावर कळतं की साधं यंत्र म्हणजे सोपं यंत्र नव्हे.

पहिल्यांदा मी ट्रेला आतून काळा ऑइलपेंट दिला. तीन आठवडे पाण्याला रंगाचा वास येत राहिला आणि ते सगळं झाडांना घालावं लागलं. मीठ वाफेबरोबर वर येत नाही, पण रंगातला द्रावक येतो. पाण्याआधी किंवा पाण्याबरोबर जे काही उडतं, ते काचेपर्यंत पोचतं आणि बाटलीत उतरतं. म्हणून ज्या पाण्यात पेट्रोल, केरोसीन किंवा द्रावकं मिसळलेली असण्याची शंका आहे, ते पाणी या पेटीत घालूच नये. फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट मात्र मिठासारखेच खाली राहतात. शेवटी रंग खरवडून काढला, स्टीलच्या ट्रेमध्ये काळं सुती कापड पसरलं आणि प्रश्न मिटला. कापडाचा रंग थोडा सुटला, पण तो खालच्या खाऱ्या पाण्यातच राहिला. वर आलेलं पाणी स्वच्छ.

मग काच. हलकं पडेल म्हणून आधी ॲक्रिलिकचा पत्रा लावला होता. त्यावर पाण्याचे टपोरे थेंब धरायचे, एकमेकांना न मिळता लोंबकळत राहायचे आणि जड झाले की ओघळण्याऐवजी टपकन ट्रेमध्ये पडायचे. शिवाय थेंबांनी भरलेला पत्रा दुधी दिसायचा, म्हणजे ऊनही कमी आत जायचं. काच साबणाने घासून, खळखळून धुऊन लावली तर पाणी तिला चिकटून पातळ पडद्यासारखं पसरतं आणि गुपचूप खाली सरकतं. जवळून पाहिलं तर काच कोरडीच वाटते, बोट फिरवलं की कळतं. काचेला आतून तेलकट बोट लागलं तर तिथेच थेंब धरायला लागतात, इतका फरक. उतार मी १५ अंशांचा ठेवलाय. फार सपाट ठेवली तर काचेवरूनही थेंब गळतात.

पन्हळीला उतार द्यायला विसरलो होतो. अर्धा लिटर पाणी तिच्यातच उभं राहायचं, दुपारी परत तापायचं आणि वाफ होऊन जायचं. आणि सांधे! कारखान्यात निर्वात भांड्याची गळती शोधायला आम्ही मेणबत्ती फिरवायचो, ज्योत आत ओढली गेली की तिथे भोक. इथे उलट, वाफ बाहेर जाते. चौकटीच्या बाहेरच्या बाजूला जिथे दव धरल्यासारखं दिसतं, तिथे फट. अशा चार फटी बुजवल्यावर रोजचं पाणी अडीच लिटरवरून सव्वातीनवर गेलं.

सव्वातीन लिटर. कोरड्या, स्वच्छ दिवशी. ढगाळ दिवशी लिटरभर. याच्या पुढे काही केल्या जाईना.

आता त्या गरम काचेकडे येतो. चांगल्या उन्हात एक चौरस मीटरवर दिवसभरात साडेपाच-सहा युनिट उष्णता पडते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट लागतं. भागाकार केला तर आठ-नऊ लिटर, ही छताची उंची, सगळं अगदी मनासारखं झालं तरची. त्यातलं काही ऊन काचेवरून परत फिरतं, काही उष्णता तळातून आणि बाजूंनी निसटते, काही नुसतीच गरम हवेने काचेला पोचते. म्हणून तीन-सव्वातीन. जगभर अशा साध्या पेट्यांचं उत्पादन तीन-चार लिटरांच्या घरातच फिरतं, मी काही वेगळं करत नव्हतो.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. जे सव्वातीन लिटर पाणी मला मिळालं, त्याच्या वाफेत बसलेली दोन युनिटांहून जास्त उष्णता गेली कुठे? वाफेचं पाणी होताना ती सगळी सुटते. सुटते ती काचेत. काच ती वाऱ्याला देऊन टाकते. माझ्या हाताला लागली ती हीच.

इव्हॅपोरेटरवर काम केलेल्या माणसाला हे बघवत नाही. आमच्याकडे क्वाड होता, म्हणजे रसाची चार भांडी एकापुढे एक. बॉयलरकडची वाफ फक्त पहिल्या भांड्याला. पहिल्यातल्या रसातून जी वाफ उठेल तिच्यावर दुसरं भांडं उकळायचं, दुसऱ्याच्या वाफेवर तिसरं, तिसऱ्याच्या वाफेवर चौथं. पुढच्या भांड्यात दाब कमी, म्हणून रस कमी तापमानालाही उकळतो. एक किलो वाफ द्यायची आणि जवळपास चार किलो पाणी उडवायचं. ही युक्ती नॉर्बर्ट रिलिए या माणसाने १८४० च्या दशकात लुइझियानात साखरेसाठीच बसवली. मी एकतीस वर्षं तिच्यासमोर उभा होतो, आणि घरी येऊन उष्णता एकदाच वापरून फेकून देत होतो.

लोकांनी हे उन्हासाठी केलंय का, म्हणून शोधलं. केलंय, आणि अलीकडेच. इटलीत तोरिनोच्या पॉलिटेक्निकमधल्या संशोधकांनी २०१८ साली दहा थरांचं एक साधं, स्वस्त रचनेचं उपकरण मांडलं, उन्हात तासाला चौरस मीटरमागे जवळपास तीन लिटर पाणी देणारं. माझी पेटी दिवसभरात देते तेवढं तासाला! २०२० मध्ये अमेरिकेतली एमआयटी आणि चीनमधल्या शांघायच्या च्याओ थोंग विद्यापीठाने दहा थरांचं यंत्र केलं, त्याने तेवढ्याच जागेत तासाला ५.७८ लिटर दिले. कार्यक्षमता ३८५ टक्के असं लिहिलेलं वाचून नातीने वही खाली ठेवली. "शंभरच्या वर कसं जाईल आबा?" तिला क्वाड समजावला. उष्णता निर्माण होत नाही बाळा, तीच उष्णता वरच्या थराने वापरली, मग पुढच्याने, मग त्याच्या पुढच्याने. एकच नोट दहा हातांतून फिरावी तशी. तिला पटलं. मग म्हणाली, "मग आपण का नाही करत?"

केलं. तीन थरांचं, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर.

वर काच, तिच्याखाली काळा पत्रा. रंग पत्र्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वाफेच्या जागेत रंगच नाही. ट्रेचा धडा इथे कामाला आला. पत्र्याच्या खालच्या अंगाला ओलं सुती कापड चिकटवलेलं. मग काही मिलिमीटर मोकळी जागा. मग दुसरा पत्रा. कापडातून उठलेली वाफ दुसऱ्या पत्र्यावर पाणी होते आणि तो पत्रा तापतो. त्याच्या खालच्या अंगाला पुन्हा ओलं कापड, पुन्हा फट, पुन्हा पत्रा. शेवटचा पत्रा सावलीत, वाऱ्यावर. निर्वात करायची गरज नाही, कारण पाणी उकळवायचं नाहीये. कोमट पाण्याचीही वाफ होतेच, पुढचा पत्रा त्याहून गार असला म्हणजे झालं. थर वाढवत गेलो तर फायदा घटत जातो हेही खरं, कारण वरपासून खालपर्यंत तापमानाचा जो काही उतार आहे तो सगळ्या थरांत वाटला जातो आणि बाजूंनी उष्णता गळत राहते. घरच्या हत्यारांनी मला तीन जमले.

पहिले पाच दिवस पाव चौरस मीटरवर रोज सुमारे १.३५ लिटर. म्हणजे मीटरमागे सव्वापाच लिटरच्या वर. वहीत नातीने त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या आहेत.

सहाव्या दिवशी ०.९. सातव्या दिवशी ०.७, आणि दुसऱ्या थराच्या पाण्याचा टीडीएस एकदम ४००, एरवी दहा-बारा असतो.

उघडलं. कापड मध्ये सुटून खाली झुकलं होतं आणि खालच्या पत्र्यावरच्या गोड्या पाण्याला टेकत होतं, तिथून खारं पाणी सरळ उतरत होतं. ते जाळी लावून ताणून बसवता आलं. पण उत्पादन घटायचं कारण दुसरंच होतं. मी कापडाचं खालचं टोक खाऱ्या पाण्यात बुडवलं होतं, पाणी आपोआप वर चढावं म्हणून. चढत होतं. पण वर गेलेलं पाणी उडून जायचं आणि मीठ तिथेच. वरच्या काठाला बोटभर रुंदीची पांढरी कड जमली होती, करकरीत, नखाने टोचली तर कापडासकट तुटावी अशी. तिच्यावरचं कापड कोरडं. कोरड्या कापडातून वाफ कसली येणार? दुसऱ्या थराला मी ॲल्युमिनियमचा पत्रा वापरला होता, त्यालाही मिठाने बारीक पांढरे खड्डे पाडले होते. तो काढला, स्टीलचा घातला.

ती पांढरी कड हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. कारखान्यात नळ्यांना आतून असाच थर धरायचा, आणि ठरल्या दिवशी सगळं बंद करून, कॉस्टिक सोडा उकळवून, ब्रश घालून आम्ही नळ्या घासायचो. आणि रस आम्ही कधीच शेवटपर्यंत आटवू दिला नाही. पाक घट्ट झाला की बाहेर काढायचा. बॉयलरमध्येसुद्धा तेच, ब्लोडाउन करून खारं पाणी ठरावीक वेळाने सोडून द्यायचं. पाणी जातं आणि क्षार राहतात, म्हणजे क्षारांना बाहेरची वाट द्यायलाच हवी. ती वाट मी ठेवली नव्हती.

या विषयावर काम करणारी सगळीच माणसं याच ठिकाणी अडतात असं मला आता वाटतं. वाफ करणं कुणालाही जमतं. स्वस्तात करायचं तर मीठ कसं बाहेर काढायचं, आणि तेही पंपाशिवाय, हा प्रश्न आहे. एमआयटीमधल्याच एका गटाने २०१८ मध्ये पाण्यावर तरंगणारी फोमची रचना केली. वर काळं कापड, आणि फोममधून खाली पाण्यात गेलेल्या कापडी वाती. वातीतून पाणी वर येतं आणि वर साचलेलं मीठ त्याच वातींतून विरघळत खाली परत जातं. २०२० च्या दहा थरांच्या यंत्रातही दिवसा साचलेलं मीठ रात्री कापडातून परत पाण्यात उतरतं. २०२३ मध्ये एमआयटी आणि शांघायवाल्यांनी कापडाऐवजी पाण्याचा पातळ, तिरपा थर घेतला, ज्यात उष्णता आणि खारटपणाच्या फरकाने पाणी आपोआप घुसळत राहतं, समुद्रात मोठ्या प्रमाणावर होतं तसं, आणि मीठ बसतच नाही. मला यातलं सगळ्यात सुंदर हे वाटतं की मीठ ढकलायला त्यांनी काही बाहेरून आणलं नाही. जो खारटपणाचा फरक अडचण होता, त्यालाच कामाला लावलं.

माझ्याकडे तेवढी कारागिरी नाही, म्हणून मी ब्लोडाउनच केला. पाणी आता खालून चढत नाही, वरून थेंबथेंब सोडतो. त्यासाठी सलाइनच्या नळीवरची चकती वापरली आहे, जिच्याने थेंब मोजून कमी-जास्त करता येतात. जेवढं गोडं पाणी मिळतं त्याच्या तिप्पट खारं आत सोडायचं. एक हिस्सा वाफ होतो, दोन हिस्से कापड धूत खाली उतरतात आणि मीठ घेऊन जातात. आत जाताना ३४००, बाहेर पडताना ५१०० च्या आसपास. तापलेलं पाणी असं सोडून दिल्याने थोडी उष्णता जाते, त्यामुळे १.३५ चे १.२ झाले. पण ते १.२ टिकले. साध्या पेटीतही हेच करतो, रोज सकाळी भरपूर पाणी ओतून जुनं वाहू देतो. आधी मी आठवड्यातून एकदा करायचो आणि कापडावर राखाडी साका धरायचा.

बाहेर पडलेलं खारं पाणी जमिनीवर ओतू नका, ही कळकळीची विनंती. माती खारावली की सुधारायला वर्षं जातात. मी जाड प्लास्टिक अंथरलेल्या उथळ खड्ड्यात सोडतो, तिथे ते आटतं आणि खाली उरलेला थर खरवडून वेगळा ठेवतो.

पिण्याबद्दल दोन गोष्टी. पाणी अगदी बेचव लागतं, कारण त्यात क्षार जवळपास नाहीतच. आमच्या बोअरचं पाणी आम्ही प्रयोगशाळेतून तपासून घेतलं, त्यात मीठ आणि जडपणा सोडून घातक काही नव्हतं. म्हणून बारा भाग गोड्या पाण्यात एक भाग उकळून गार केलेलं बोअरचं पाणी मिसळतो. टीडीएस २६० च्या आसपास येतो आणि पाणी पाण्यासारखं लागतं. तपासणी न करता हे मिसळू नका, कारण टीडीएस मीटर फक्त एकूण विरघळलेले क्षार सांगतो. आर्सेनिक आहे का, जंतू आहेत का, यातलं त्याला काही कळत नाही. आणि पेटीतून आलेलं पाणी कितीही शुद्ध असलं तरी उघड्या बाटलीत, शेवाळलेल्या पन्हळीतून आलं तर काय उपयोग? पन्हळ आणि नळी मी दर आठवड्याला काढून धुतो.

काल पेटी आणि तीन थरांचं यंत्र मिळून ४.४ लिटर झालं. आम्हा दोघा म्हाताऱ्यांचं पिण्याचं पाणी त्यात भागतं. संध्याकाळी ऊन गेल्यावरही पेटी तासदोन तास थेंब देत राहते, कारण काच लवकर गार होते आणि खालचं पाणी अजून तापलेलं असतं. नातीला तोच वेळ आवडतो. काल तिने तीन थरांच्या यंत्राच्या शेवटच्या पत्र्याला खालून हात लावला आणि म्हणाली, "आबा, हा पण कोमट आहे." ४१ अंश निघाले.

चौथ्या थरासाठी पत्रा कापायला दिलाय.